कॉम्प्युटरची वाटणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कॉम्प्युटर पुसणं. तिसऱ्या दिवशी बायको गेली.

कॉम्प्युटर लेकीनं दिलेला, जुना. सारखा अडकायचा. बर्मिंगहॅमला आमच्या रस्त्यावरचा दुकानदार म्हणाला, आतली डिस्क पूर्ण पुसा आणि तिचे दोन भाग करा. एकात कॉम्प्युटरचं, दुसऱ्यात तुमचं. पुन्हा बिघडला तर तुमचं वाचेल.

आमचं म्हणजे बायकोचं. लायब्ररीतल्या क्लासला जाऊन ती एका बोटानं टाइप करायला शिकली होती. नातीला देवनागरी येत नाही, म्हणून आपल्या लहानपणाचं सगळं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. चाळीस पानं झाली होती.

पुसायच्या आधी ती पानं सीडीवर घ्यायची होती. बायको स्वयंपाकघरात होती. मी सीडी घातली, बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. मला अक्षरं कळतात, वाक्य लागत नाही. फौंड्रीत लोखंड ओतायच्या कामात त्यावाचून माझं कधी अडलं नाही. तिला हाक मारायची तर कमीपणा वाटला. कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून ते बंद केलं, सीडी काढून डबीत ठेवली.

मग ती चष्मा लावून शेजारी बसली. ती वाचायची, मी बटणं दाबायचो.

"अहो, वाटणी करताय खरी, पण आपल्याकडं वाटणी झाली की भाऊ बोलायचे बंद होतात."

"तू वाच पुढं."

"सगळं जाईल म्हणतंय. माझी पानं घेतलीत ना?"

"घेतली."

"नक्की?"

"घेतली म्हणतो ना! कितीदा विचारशील?"

"बरं बाबा, चिडू नका," म्हणून ती हसली. मी बटण दाबलं.

संध्याकाळपर्यंत दोन भाग झाले. तिचा रिकामा. पानं उद्या घालू म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी ती बस स्टॉपवर कोसळली.

तेराव्याला लेकीनं ती सीडी लावली. "बाबा, हा सीडी एम्प्टी आहे. आईचा लिहिलेला कुठे गेला?"

माझ्या तोंडून निघालं, "तिनंच नीट घेतलं नसेल. तिला कुठं जमायचं हे."

"पुअर आई," लेक म्हणाली. "कोणी हेल्प पण नाही केला तिला."

मेलेल्या बाईवर ढकललं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक साउथहॅम्प्टनला परत निघाली, गाडीत बॅग ठेवत होती. मी सपाता घालूनच बाहेर गेलो. म्हटलं, "आईनं काही चुकवलं नाही. सीडी मी केली. पडद्यावरचं मला वाचता आलं नाही आणि विचारायची लाज वाटली. मग तिच्याशी खोटं बोललो, आणि काल तुझ्याशी."

"वाचता आलं नाही म्हणजे?"

शेजारीण तिच्या दारात उभी होती. तिला मराठी कळत नाही, तरी मी आवाज खाली केला. म्हटलं, "इंग्रजी वाचता येत नाही मला. तुझ्या शाळेची पत्रं आई वाचायची. मी नुसती सही करायचो."