एकट्याने

फ्लाइंग क्लबच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. गळ्यात हार घातलेला वैमानिक विमानात बसून हसतोय. खाली पाटी: ‘एकट्याने केलेलं विक्रमी उड्डाण’. विमानापुढे पाठमोरा उभा माणूस, दोन्ही हात पंख्यावर, म्हणजे माझे आजोबा. तेव्हा पंखा हाताने फिरवल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. त्याच पंख्याने पुढे त्यांची दोन बोटं नेली.

“हे कोण?” मी मुद्दाम विचारलं.

“असेल कोणी मेकॅनिक,” सेक्रेटरी म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर असेल तो एकटा. पण जमिनीवरून एकट्याने उठला होता का?

आजोबा उरलेल्या तीन बोटांनी भात कालवताना सांगायचे, “आम्ही दोघांनी उडवलं ते.”

आणि आम्ही घरचे हसायचो.