पानाबाहेरच्या टिपा

दुकानातल्या संगणकात नवीन सिस्टिम घातली, तेव्हा त्याने सगळ्यात आधी मला माझं नाव विचारलं. मग जन्मतारीख. मग ईमेल. मग मी दिलेला पासवर्ड फारच सोपा आहे म्हणून तो नाकारला. ज्याच्यासमोर बसून मी तेरा वर्षं डबा खाल्ला, तेच यंत्र मला 'आपण कोण' म्हणून विचारत होतं. मी चिडलो. मी लवकर चिडतो, हे कामशेतच्या बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक आहे.

माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मजकूर जुळवून पान आम्ही इथे तयार करतो, छपाई पुण्याला होते. 'आम्ही' म्हणायची सवय अजून गेलेली नाही. टाइप करायची ती माझी बायको, आणि तिला जाऊन आता तीन वर्षं होत आली. मी गिऱ्हाइकांशी बोलायचो, प्रुफं तपासायचो आणि काना-मात्रेच्या चुका काढून तिला वैताग आणायचो.

आमच्या मावळातल्या पत्रिकेत वधूवरांची नावं दोन ओळींत उरकतात. खरी पत्रिका त्याखाली सुरू होते. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, समस्त भावकी, मामा मंडळी वेगळी, आणि तळाशी चिमुकल्यांचं 'लग्नाला यायचं हं'. कोणाचं नाव कोणाच्या वर, एवढ्यावरून पंगतीतून उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे हिने प्रत्येक घराची एक फाइल ठेवली होती. थोरलीच्या लग्नाला केलेली फाइल धाकट्याच्या लग्नाला पुन्हा उघडायची, आणि काय सांभाळायचं ते तिने तिथेच लिहून ठेवलेलं असायचं.

तिथेच म्हणजे पानाबाहेर. पडद्यावर पानाच्या चौकटीच्या चारी बाजूंना राखाडी मोकळी जागा असायची. तिथे काहीही लिहा, छापताना येत नाही. त्या जागेला ही अंगण म्हणायची. अंगणात तिच्या टिपा असत. "धाकट्या काकांचं नाव खाली घ्या, मागच्या वेळी थोरले टिळ्याला आले नाहीत." बेडश्याच्या एका बौद्ध कुटुंबाच्या फाइलमध्ये होतं, "गणपतीचं चित्र आधी काढा, मग बाकीचं काम. गेल्या वेळी तुम्ही विसरलात, मी पुण्याहून पान परत मागवलं." मी म्हणायचो, हा पसारा कशाला, कागदावर लिही. ती म्हणायची, तुमचे कागद सापडतात का कधी?

शेवटच्या वर्षी, औषधांच्या दोन फेऱ्यांमध्ये जे बरे दिवस मिळत, त्या दिवसांत ती दुकानात येऊन बसायची. नवीन काम मी तिला देत नव्हतो. ती जुन्या फाइली एकेक करून उघडायची आणि काहीतरी लिहायची. काय लिहितेस विचारलं, तर म्हणाली, "कामाचं आहे. काम आलं की बघा."

ती गेल्यावर दोन महिन्यांनी नाणे मावळातल्या एका घराचं काम आलं. फाइल उघडली. मामांच्या नावांबद्दल नेहमीची सूचना होती आणि तिच्याखाली एक नवी ओळ होती. "चष्मा डोक्यावर आहे. तिथे नसेल तर खणात." चष्मा डोक्यावरच होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.

मग मला कळलं, तिने माझ्यासाठी काय करून ठेवलं आहे. आणि त्याच दिवशी मी ठरवलं की हे एका बैठकीत संपवायचं नाही. ज्या घराचं काम येईल त्याच घराची फाइल उघडायची. "तिसरा चहा मागू नका." "या आजी फार बोलतात, पण ऐकून घ्या, एकट्या असतात." "निळा शर्ट आता टाका." वर्षाकाठी आठ-दहा मिळायच्या. न उघडलेली सत्तेचाळीस घरं उरली होती. हिशेब केला, तर टिपा मला जन्मभर पुरण्यासारख्या होत्या. गावात कोणाकडे सोयरीक जुळल्याचं कळलं की मला आनंद व्हायचा, आणि तो त्या घरासाठी नसायचा. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

यंदा संगणक बदलणं टळेना. छपाईवाल्यांनी सांगितलं की तुमच्या जुन्या फाइली आमच्याकडे उघडत नाहीत, पीडीएफ पाठवा. गिऱ्हाइकांना मोबाईलवर पाठवायला पत्रिका हवी, ती जुन्यातून जाईना. पडद्यावर रोज सकाळी इशारा यायचा. शेवटी लोणावळ्याहून एका गृहस्थांना बोलावलं. हॉटेलांचे संगणक बघतात, माझ्याच वयाचे आहेत, शांत माणूस. त्यांनी समजावलं की तुमचा मराठी टाइपिंगचा प्रोग्राम ज्या लॉकवर, म्हणजे मागे खोचलेल्या त्या छोट्या किल्लीवर चालतो, ते लॉक नवीन सिस्टिम ओळखणार नाही. फाइलींतलं जे हवं, ते आधी पीडीएफ करून ठेवा.

ते काम मी स्वतः केलं. गिऱ्हाइकं सांभाळत तीन आठवडे लागले. पंधरा-पंधरा फाइली एकदम निवडायच्या आणि छापायची आज्ञा द्यायची, म्हणजे त्या आपोआप उघडून, पीडीएफ होऊन, मिटतात. उघडताना क्षणभर पडद्यावर दिसतात. एखादी टीप नजरेला पडायची आणि उगाच वाया जायची, म्हणून मी संगणकाकडे पाठ करून बसायचो. समोर रस्त्यावर भाजीवाल्यांची गडबड बघत राहायचो. मागे खट खट आवाज येत होता. इतका सांभाळून मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

लोणावळ्याच्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, "जुन्या मूळ फाइली ठेवू का कुठे?"

"नव्यात उघडणार आहेत का?"

"नाही."

"मग कशाला? माझं सगळं घेऊन झालंय," मी म्हणालो. त्यांनी सगळं पुसून नवीन भरलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझे रुसव्याफुगव्यात गेले. खालच्या पट्टीवरची सगळी चिन्हं मधोमध जाऊन बसली होती. कोपऱ्यात हवामान यायला लागलं, लोणावळा परिसरात पाऊस म्हणून. तो मला दारातून दिसतच होता. मराठीच्या कळा बदलल्या, त्यामुळे 'शुभविवाह' लिहायला मला दहा मिनिटं लागली. एकदा गिऱ्हाईक समोर बसलं असताना यंत्र आपणहून बंद झालं आणि 'थोडा वेळ थांबा, आम्ही तुमच्यासाठी तयारी करत आहोत' असं म्हणायला लागलं. तिला हे सांगायला हवं होतं असं सारखं वाटायचं. ती हसली असती आणि दोन दिवसांत नव्या कळा शिकून मोकळी झाली असती.

तुळशीचं लग्न झालं आणि उर्श्याच्या एका मावशींचा फोन आला. धाकट्याचं ठरलंय, उद्या येते. थोरलीची पत्रिका आमच्याकडेच झाली होती, हिच्या आजारपणाच्या सुरुवातीला. म्हणजे टीप नक्की होती. मी हात धुतले. खुर्ची पुढे ओढली. त्या घराची पीडीएफ उघडली.

पान आलं. वर गणपती, खाली नावं, सगळं जागच्या जागी. मी पान उजवीकडे सरकवलं. डावीकडे सरकवलं. लहान केलं. पानाबाहेर काही नव्हतं.

दुसऱ्या घराची उघडली. तिसऱ्या. मग मी थांबलो, कारण मला समजलं होतं. छापताना अंगण येत नाही. हे वाक्य मी स्वतः शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं आहे. ते बाजूचं छापून येईल का हो, म्हणून विचारायचे, आणि मी ऐटीत म्हणायचो, पानाबाहेरचं छापत नाही, काळजी करू नका. तीन आठवडे मी तिच्या टिपांकडे पाठ करून बसलो होतो आणि मागे त्या एकेक करून गळत होत्या. एकदा जरी वळून बघितलं असतं, तरी काही वाचलं असतं.

लोणावळ्याच्या गृहस्थांना फोन केला. ते बिचारे लगेच आले, अर्धा दिवस खटपट केली. जुन्या फाइलींच्या जागेवर नवीन लिहिलं गेलंय, आता मिळणार नाही, असं म्हणाले. त्यांनी दोनदा विचारलं होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला मात्र राग काढायला कोणीतरी हवं होतं आणि कोणीच सापडत नव्हतं. मी तिला पुरवून पुरवून वाचत होतो. पहिल्याच आठवड्यात अधाशासारखं सगळं वाचून टाकलं असतं, तर आज निदान पाठ तरी असतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. मी जुनं पान बघून, त्यांनी दिलेल्या नव्या नावांनी प्रूफ जुळवलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि एका जागी थांबल्या.

"भाऊ, हे आमचं थोरलं दीर. ह्यांचं नाव आदी पायजे. आन् त्येंच्या मंडळींचं नाव संगं लावा, येगळं नगं."

"मागच्या पत्रिकेत तर असंच होतं, मावशी."

"व्हय, तवाच राडा झालता. मंग मी हितं येऊन सांगून गेलते तुमच्या मंडळींला. लय थकल्या व्हत्या, तरी समदं लिवून घेतलं त्येंनी." त्यांनी चष्मा वर सरकवला. "मला म्हनल्या, मावशी, मी लिवून ठिवलंय, पर तुमी बी ध्यानात ठिवा. आमचे हे काय वाचायचे न्हाईत."

"वाचणार होतो," मी म्हणालो.

मावशींनी मान हलवली आणि दिरांच्या नावावर बोट ठेवून, मी ते वर घेईपर्यंत तिथेच धरून ठेवलं.