कळ थांबली आणि किडनी गेली

अंबाडी गावच्या वैद्याने मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. ठरलेलं सगळं दिलं, वर धोतरजोडीही दिली. हे आधीच लिहितो, कारण तो आजही ओटीवर बसून लोकांना सांगतो की भिवंडीचा शेठ भांडखोर आहे. भांडखोर मी आहेच. पण त्यामुळे त्याचा खोटेपणा खरा होत नाही.

ठाण्याच्या सर्जनने माझे फोटो उजेडाच्या काचेवर लावले, तेव्हा माझी बायको सुमन शेजारी बसली होती. आयव्हीपी, म्हणजे शिरेत औषध सोडून काढलेले किडनीचे एक्स-रे. उजवी किडनी पांढरी उजळली होती. डावीकडे नुसता काळोख.

"डावी नॉन-फंक्शनिंग आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे बंद पडली."

"चालू कधी होईल?" मी विचारलं. कारखान्यातला कापडाचा लूम बंद पडला की मुकादमाला विचारतो, तसंच.

"होणार नाही. काढावी लागेल."

मी म्हटलं, काहीतरी घोळ आहे, माझा मुतखडा तर केव्हाच पडलाय. डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवलं. खडा तिथेच होता.

आता पहिल्यापासून सांगतो. मी दुसऱ्याच्या कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरत मोठा झालो. पुढे स्वतःचे लूम टाकले. शेडमध्ये घामाने अंग भिजायचं आणि पाणी प्यायची आठवण राहायची नाही. एक दिवस सुताच्या बाजारात भाव करताना डाव्या कुशीत कळ आली, ती जांघेपर्यंत उतरली. मी सौदा अर्धा टाकून खाली बसलो. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

भिवंडीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खडा युरेटरमध्ये, म्हणजे किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळीत, अडकला होता. मोठा आहे, आपोआप पडणार नाही, ऑपरेशन करा, असं ते म्हणाले.

शेजारच्या कारखान्याचे इब्राहिमभाई हसले. "पेट क्यों फडवाते हो शेठ? अंबाडी जाओ. मेरे साले का पत्थर काढे से निकला."

म्हणून अंबाडी. पाषाणभेद, गोखरू, वरुणाची साल यांचा काढा आणि वर कुळथाचं पाणी. या झाडपाल्याशी माझं भांडण नाही. माझ्या आईचा बारीक खडा कुळथावरच पडला होता. भांडण माणसाशी आहे.

आमच्या धंद्यात कापड तपासून पास झालं की मगच पैसे. वैद्याशीही मी तोच करार केला. खडा डोळ्यांनी दिसला, तरच त्याची दक्षिणा. तो लगेच म्हणाला, "चालंल शेट." घासाघीस नाही, कुरकुर नाही. पहिल्या बोलीला हो म्हणणाऱ्याचा माल मी एरवी दोनदा उलटून पाहतो. त्या दिवशी कळीने मला दुसरं काही सुचू दिलं नाही.

काही आठवड्यांनी त्याने सकाळीच बोलावलं. ओटीवर बसवून काढा पाजला. मागच्या पडवीत भांड्यात लघवी करायला लावली. मग भांडं स्वतः उचललं आणि माझ्याकडे अर्धी पाठ करून फडक्यातून गाळलं. फडक्यात खडा. काळपट, गुळगुळीत, तुरीच्या दाण्याएवढा.

"ह्यो बघा तुमचा वैरी," तो म्हणाला.

ओटीवरच्या माणसांनी हात जोडले. मी पैसे दिले. आणि खरंच, त्याच सुमारास कळ थांबली.

ती थांबली, हेच सगळ्यात वाईट झालं. मी बाजारात त्याचे गोडवे गायलो. पुढे अन्न नकोसं झालं. संध्याकाळी हुडहुडी भरायची, ताप यायचा. कंबर दगड बांधल्यासारखी जड. सुमन म्हणायची, "अहो, तुमचा रंग बघा. मेलेल्या माणसासारखा दिसतोय." मी तिच्यावर ओरडायचो. दुखत नाही, तर डॉक्टर कशाला? शेवटी तिने माझ्या मेव्हण्याला बोलावलं आणि दोघांनी धरून मला ठाण्याला नेलं.

सर्जनने कागदावर चित्र काढून समजावलं. हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे वाट अडल्यामुळे लघवी मागे तुंबून किडनी फुग्यासारखी फुगणं. सुरुवातीला ती जोर लावते, म्हणून कळा येतात. मग थकते. "तुमचं दुखणं बरं झालं नव्हतं," ते म्हणाले. "किडनीने लढणं सोडलं होतं."

ऑपरेशनमध्ये त्या फुग्यात पू निघाला. अजून थोडे दिवस गेले असते तर तो रक्तात जाऊन मी मेलो असतो, असं त्यांनी सुमनला बाहेर सांगितलं. मला तिने खूप नंतर सांगितलं. मी जगलो तो तिच्या हट्टामुळे आणि त्या डॉक्टरांच्या हातामुळे. वैद्याने दिलेला खडाही त्यांना दाखवला. त्यांनी तो बोटांत फिरवून परत दिला. "हा ओढ्यातला गोटा आहे."

टाके सुकल्यावर अंबाडीला गेलो. ओटी भरलेली होती. सदरा वर करून व्रण दाखवला, गोटा त्याच्यासमोर ठेवला.

"तुमचा खडा पडला व्हता," वैद्य शांतपणे म्हणाला. "ह्यो नवा झाला आसंल. पथ्य पाळलं न्हाय तुमी."

पलीकडे एक बाई गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकली होती. मी तिच्या नवऱ्याला म्हटलं, हिला घेऊन जा, आधी फोटो काढ.

तो म्हणाला, "शेट, तुमी पैसंवालं. आमाला हितंच गुन येतो. कालपासून तिचं दुखनं बी कमी हाय."

माझंही असंच कमी झालं होतं. मी खूप आरडाओरडा केला. दोघांनी दंड धरून मला बाहेर काढलं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो. काढा प्या, कुळीथ प्या, पण खडा गेला असं कोणी म्हटलं की फोटो काढून खात्री करा. नुसती कळ थांबली म्हणून सुटलो असं समजू नका.

आणि वैद्याला विचारतो. कळ थांबते तेव्हा आत काय होतं, हे तुला ठाऊक होतं का? ठाऊक असून तू गोटा दाखवलास, तर तो गुन्हा आहे. ठाऊक नव्हतं, तर त्या बाईला तू कशाच्या जोरावर बसवून ठेवलं होतंस? तिचं पुढे काय झालं? कोर्टात नको, तुझ्याच ओटीवर, सगळ्यांसमोर सांग.