गोराईच्या परसातल्या गोगलगाई

आई गेली त्याच वर्षी माझी नोकरीही गेली. अंधेरीतल्या एका मोठ्या हॉटेलात मी खरेदी खात्यात होते. कंपनीनं ते काम बाहेरच्या लोकांना दिलं आणि आम्हाला पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. लग्न मी केलं नव्हतं. बोरिवलीच्या वन रूम किचनमध्ये आईची कॉट, औषधांचा डबा आणि मी, एवढंच उरलं. एकदा सकाळी दूधवाल्याला "उद्या नको" म्हणायला गेले तर घशातून आवाजच फुटेना. आदल्या दिवशी मी कोणाशी एक अक्षरही बोलले नव्हते.

गोगलगाईंचं खूळ डोक्यात शिरलं ते त्या हॉटेलमुळेच. परदेशी पाहुण्यांसाठी खायच्या गोगलगाईंचे डबे बाहेरून यायचे. यायला उशीर, किंमत अवाच्या सवा, आणि डबा उघडला की मुख्य शेफ हमखास वैतागायचे, "ह्याला चव आहे का काही? ताजं कोणी देत नाही का?" कोणीच देत नव्हतं. घरी बसल्यावर ते वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवायला लागलं. मग गोव्याकडच्या एका गृहस्थांचा पत्ता लागला. ते खायच्या जातीच्या गोगलगाई वाढवायचे. त्यांच्याकडे राहून शिकले आणि थोडी पिल्लं घेऊन आले.

दादा घाटकोपरला राहतो. माझ्याहून मोठा. त्याला फोनवर सांगितलं तर आधी त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

"अगं, आमच्याकडे ये ना राहायला. हे कसले धंदे? लोकांना काय सांगू मी?"

"सांग, बहीण शेती करते."

"गोगलगाईंची? वाट लागली!" तो म्हणाला, आणि बराच वेळ हसत राहिला. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू टिकलं नाही.

बिल्डिंगमध्ये हे जमणं शक्यच नव्हतं. शोधता शोधता गोराईत एका म्हातारबाईंच्या घरामागचं परस भाड्यानं मिळालं. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन वसईला. दारात पांढरा क्रूस, मागे नारळ, एक जुनं जांभळाचं झाड आणि पाच-सहा कोंबड्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्यांना कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या बोलायच्या मोठ्यानं आणि मोजकंच.

"काय ठेवणार तू इथं?"

"गोगलगाई, मावशी. खायच्या."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दुसरं काय खायाला नाय मिळालं काय गो?" म्हणाल्या आणि आत गेल्या. भाडं मात्र घेतलं.

जांभळाच्या सावलीत लाकडी खोके मांडले, तळाला माती घातली, वर बारीक जाळी ताणली. जाळी गोगलगाई पळतील म्हणून कमी आणि कोंबड्यांसाठी जास्त. पहिल्याच दिवशी एका कोंबडीनं माझं मूठभर भांडवल अर्धं टिपून खाल्लं होतं. रोज दुपारनंतर बोरिवलीहून होडीनं खाडी ओलांडायची, बाजारातून उचललेला कोबीचा पाला, दुधीच्या साली, काकडी घालायची, कवच टणक व्हावं म्हणून अंड्याच्या टरफलांची पूड पसरायची, फवारा मारायचा. दिवसा त्या मातीत दडून असतात. ऊन उतरलं की एकेक करत शिंगं बाहेर यायची. आजूबाजूला शांत असलं तर त्यांचं खाणंसुद्धा ऐकू येतं, कोरड्या पानावर नख ओढावं तसं. मी स्टुलावर बसून ऐकायची. शेजारी पायरीवर मावशी तांदूळ निवडत असायच्या. आमचं बोलणं फारसं व्हायचं नाही. पण तिथून परतताना मला घरी जावंसं वाटायचं नाही, हे खरं.

गोगलगाई तयार व्हायला वर्ष गेलं. अंधेरीत एका लहान रेस्टॉरंटचा कुक माझ्या जुन्या ओळखीतून सापडला. मालवणकडचा, चाळिशीचा, बोलका माणूस. तो स्कूटर घेऊन स्वतः यायचा. पहिल्या वेळी त्यानंच मला शिकवलं. आधी काही दिवस उपाशी ठेवून त्यांचं पोट साफ करायचं, मग धुवायचं, मग उकळतं पाणी. पातेल्यावर वाफ आली आणि माझा हात थांबला. रोज फवारा मारून, नीट बघून वाढवलेल्या होत्या त्या.

"ताई, तुम्ही मासे खाता ना?" तो म्हणाला.

"खाते की."

"मग झालं तर. हे समजा, हळू चालणारे मासे."

मी त्या पातेल्यात टाकल्या. नंतर परसाच्या कडेला जाऊन उभी राहिले. मावशींच्या चुलीवर त्यानं चहा केला आणि मला आणून दिला. कोणी करून दिलेला चहा मी कितीतरी दिवसांनी पीत होते.

त्यानंतर तो दर आठवड्याला यायचा. माल घ्यायचा, चहा प्यायचा, किचनमधल्या भांडणांच्या गोष्टी सांगायचा. त्या दिवशी मी जरा बरी साडी नेसायचे. त्यात दुसरं काही नव्हतं. आठवड्यात एक दिवस कोणीतरी आपल्या कामाबद्दल विचारणार, एवढंच.

त्याच सुमारास दादाच्या मुलीचा साखरपुडा झाला. घाटकोपरच्या हॉलमध्ये वहिनीनं मला पुढे बसवलं, सगळं प्रेमानं केलं. मुलाकडच्यांशी ओळख करून देताना दादा म्हणाला, "ही माझी धाकटी बहीण. आता घरीच असते." समोरच्या बाई म्हणाल्या, "बरं झालं, आराम मिळतो." मी मान डोलावली. नखांच्या कडेला गोराईची माती अडकलेली दिसत होती. मी हात पदराखाली घेतला आणि जेवण होईपर्यंत तसाच ठेवला.

मग एप्रिलमध्ये मला ताप आला. आधी वाटलं उन्हाचा असेल. डॉक्टर म्हणाले डेंग्यू, दवाखान्यात राहायची गरज नाही, पण अंथरुणातून उठायचं नाही. दादाला कळवलं नाही. त्यांच्याकडे लग्नाची गडबड होती. शेजारची मुलगी नारळपाणी दारात ठेवून जायची. कुकला मेसेज केला तर त्याचं उत्तर आलं, "ताई, रेस्टॉरंट बंद झालं. मी मस्कतला निघालोय. सांगायला येणार होतो. तब्येत सांभाळा." मी तो मेसेज वाचला आणि फोन उशीखाली सरकवला. पडल्या पडल्या पंख्याकडे बघत एकच विचार यायचा, खोक्यांवर पाणी कोण मारत असेल? मावशींकडे फोन नव्हता. आणि त्यांना तर त्या किड्यांची किळस यायची.

चालता येऊ लागलं तशी गोराईला गेले. जाळी उचलली. माती भेगाळलेली, पाला वाळून चुरा झालेला, आणि सगळ्या गोगलगाई कवचात मिटलेल्या. एकही शिंग नाही. मी खाली मातीतच बसले.

मावशी दारातून आल्या. "मेली काय सगळी?"

"हो, वाटतं."

"मी हात नाय लावला," त्या म्हणाल्या. "मला भ्या वाटते त्यांची. कोंबड्या तेवढ्या हाकलल्या." मग म्हणाल्या, "तू कुठं होतीस? मी जेट्टीवर गेलो बघायला. दोनदा. होडीवाल्याला विचारलं, ती बोरिवलीची बाई दिसली काय."

त्यांचे गुडघे धड नव्हते. घरापासून जेट्टी लांब. माझ्या आजारपणात माझी चौकशी करायला निघालेलं जगात एकच माणूस होतं, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. मला रडू आलं. मावशींना वाटलं मी गोगलगाईंसाठी रडतेय. "जाऊ दे गो," त्या ओरडून म्हणाल्या, "दुसऱ्या आण."

उठताना मी एक कवच हातात घेतलं. हलकं नव्हतं, आत वजन होतं. तोंडावर कागदासारखा पातळ पापुद्रा धरला होता. गोव्याच्या गृहस्थांनी सांगितलेलं तेव्हा आठवलं. फार कोरडं झालं की त्या दार लावून झोपतात, मेलेल्या दिसतात, पण असतात. मी सगळ्या खोक्यांवर फवारा मारला, ताजी काकडी ठेवली आणि बसून राहिले. ऊन कलल्यावर एक पापुद्रा फुटला. मग दुसरा. बऱ्याचशा उठल्या, काही खरंच गेल्या होत्या. मावशी जाळीजवळ वाकून बघत होत्या. "जीती हाय की!" त्या म्हणाल्या. त्या परसात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

आता गिऱ्हाईक मात्र नव्हतं आणि गोगलगाई वाढत होत्या. एका रविवारी मी त्यातल्या काही उकळून, साफ करून आईच्या पद्धतीनं शिजवल्या. आई तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, करायची तसं, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि वर कोकम. मावशींसमोर ताट ठेवलं. त्यांनी आधी क्रूसाची खूण केली, मग डोळे मिटून एक तोंडात घातली आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"कशी आहे?"

"रबर," त्या म्हणाल्या. "रस चांगला हाय. भाकरी दे."

रस्सा आम्ही दोघींनी संपवला.

नंतर जुन्या हॉटेलातल्या एका सहकाऱ्यानं वांद्र्यातलं एक गिऱ्हाईक मिळवून दिलं. तिथून ड्रायव्हर येतो, डबा घेतो, सही करून जातो. गाडीतून उतरतही नाही. धंदा लहानच आहे, पण चालतो. मावशींनी माझा नंबर कोळशानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून घेतला आणि वापरायला शेजाऱ्यांचा फोन ठरवून ठेवला. अजून तरी तशी वेळ आलेली नाही.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांची मुलगी त्यांना पुष्कळदा वसईला नेते. गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं म्हणतात. त्या नसल्या की घराला कुलूप असतं आणि परसात जायला मी बाजूच्या बोळातून जाते. कोंबड्या शेजाऱ्यांकडे दिल्यात. मी पाला घालते, पाणी मारते, पायरीवर थोडी टेकते. त्या कधी येणार, हे विचारायला मुलीला फोन करावा असं रोज मनात येतं. पण मी त्यांची कोण, असं वाटतं आणि राहून जातं.