पोळ्यापर्यंत एक वाचक

कापसाचं बिनसलं होतं त्या वर्षांत यवतमाळात दोन गोष्टी फार यायच्या, बाहेरगावचे पाहुणे आणि लोडशेडिंग. पाहुणे पांढऱ्या गाड्यांतून यायचे, रस्त्यालगतचं एखादं वावर पाहायचे आणि जेवायच्या वेळेला विश्रामगृहावर परतायचे. लोडशेडिंग मात्र मुक्कामालाच असायचं. त्यातून जो काही उजेड उरायचा, त्यात मी ब्लॉग लिहायचे.

ब्लॉग कसला, तर वांग्याच्या भाजीत तेल किती असावं यावर आमच्या गल्लीत झालेलं भांडण, बसस्टँडच्या चौकशी खिडकीतला कधीच काही माहीत नसलेला माणूस, असलंच काहीबाही. वाचणारं कोणी नव्हतं. माझी नागपूरची बहीण अधूनमधून उघडून बघायची, पण ते तिच्याबद्दल काही लिहिलंय का एवढं तपासायला. दवाखान्यात माझ्या शेजारी बसून औषधं वाटणारे सहकारी म्हणायचे, "वाचतो नं मॅडम, मस्त लिवता." काय वाचलं विचारलं की त्यांना एकदम खिडकीवरची रांग दिसायची. एकदा कोणीतरी इंग्रजीत लिहिलं की तुमचा लेख फारच माहितीपूर्ण आहे. मी अर्धा दिवस हवेत होते. मग कळलं की ते केस उगवण्याचं तेल विकणारे होते आणि जगातल्या सगळ्याच लेखांना माहितीपूर्ण म्हणत फिरत होते.

खरा वाचक एकच लाभला, पुण्याचे एक गृहस्थ. त्यांनी लिहिलं, 'आपण यवतमाळच्या आहात, तेव्हा आपल्या भागातलं दुःख अधिक तीव्रतेने यायला हवं. वांग्याची भाजी वाचून निराशा झाली.' मी कळवलं की आमच्याकडे माणसं दुःखातही वांग्याची भाजी करतात, आणि ती बिघडली तर त्यावरून भांडतातही. ते पुन्हा फिरकले नाहीत. होता तो वाचकही मी आपल्या हाताने घालवला.

आमचे हे सरकारी कार्यालयात हिशेब तपासायचे आणि घरीही तपासायचे. एका संध्याकाळी मला म्हणाले, "तुले वाचून कोण राह्यलं? रिकाम्या खोलीत भाषण करून राह्यली तू."

"येईल कोणीतरी," मी म्हटलं.

"पोळ्यापर्यंत बाहेरचा एक वाचक दाखव. नाही तं ते नेट बंद करू. नात्यातले, ओळखीतले, दवाखान्यातले धरायचे नाहीत."

नियम ऐकून मला राग आला. राग त्यांचा नव्हता आला, ते म्हणत होते ते खरं होतं याचा आला होता.

खरं सांगायचं तर मला ब्लॉग हवा होता तो झडत्यांसाठी. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सजवलेले बैल उभे करतात आणि तोरण तुटण्याआधी माणसं एकेक पुढे येऊन झडती म्हणतात. चार ओळी, त्यात कोणाला तरी चिमटा, शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर. सावकार, पुढारी, सोयरे, कोणी सुटत नाही. माझ्या डोक्यात लहानपणापासून झडत्या व्हायच्या, पण तोरणाखाली बाईमाणसाने जायचं नसतं. आम्ही ओट्यावर बसून पाहायचं आणि घरी जाऊन पुरण वाटायचं. ब्लॉगवर तोरण नव्हतं, त्यामुळे मला कोणी हटकत नव्हतं. ऐकतही नव्हतं म्हणा.

त्या पावसाळ्यात एक पांढरी गाडी आमच्या दवाखान्यावरून पुढच्या गावी पाहणीला गेली. तिकडचे पेशंट दुसऱ्या दिवशी जे सांगत आले त्यावर मी चार ओळी लिहिल्या:

साहेब आले पाहणीले, उतरले नाही खाली,
काचेतूनच पुसलं त्याईनं, पऱ्हाटी कशी झाली?
सरपंच म्हणे बरी हाय जी, फुलंबी आले छान,
साहेब ज्याले पऱ्हाटी म्हणे, ते तुरीचं होतं रान.

पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे शेतातला उभा कापूस. ओळी मला फार आवडल्या. दुसऱ्या कोणाला आवडल्याची खूण काही दिसली नाही.

पोळ्याला आम्ही सासरी, बोरी अरबला गेलो. तिथे माझे दीर शेती करतात. तोपर्यंत वाचक काही सापडला नव्हता आणि ह्यांनी येताना मोटरसायकलवरच सांगून टाकलं होतं की परत गेल्यावर नेट बंदचा अर्ज द्यायचा. मी सासूबाईंजवळ ओट्यावर बसले होते. दोघातिघांच्या झडत्या झाल्या, त्याच त्या, दरवर्षीच्या. मग दीर पुढे आले, दुपट्टा सावरला आणि मोठ्यानं म्हणाले, "साहेब आले पाहणीले, उतरले नाही खाली..."

ओळ माझी होती. दुसरी ओळ आली, तिसरी आली, लोक आधीच हसायला लागले होते. आणि दीर म्हणाले, "साहेब ज्याले पऱ्हाटी म्हणे, ते गवताचं होतं रान!"

लोक हसले. पण मला तेवढ्यात काय झालं कोण जाणे, मी ओट्यावरून ओरडले, "तुरीचं!"

सगळा गाव वळून पाहायला लागला. सासूबाईंनी माझा पदर ओढला. दीर गोंधळले, मग त्यांनी शेवटची ओळ पुन्हा म्हटली, तूर घालून. एक क्षण कोणीच हसलं नाही. मग तुरीच्या दोन ओळी कापसात पेरणारी ती सगळी माणसं अशी काही हसली की मानाचा बैल बिचकला आणि त्याला धरणाऱ्यांची धांदल उडाली. मी डोकं खाली घालून बसले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि तो कोणाला सांगायची सोय नव्हती.

दीर घरी आले ते झडतीला बक्षीस मिळालेला नारळ आणि टोपी घेऊन, थेट स्वयंपाकघरात. "वहिनी, तुमाले कशी माहीत जी ती झडती? मले तं घाटंजीच्या दोस्तानं मोबाइलवर धाडलती."

"मीच लिहिली."

ते पाटावर बसले. "मले वाटलं कोण्या मोठ्या माणसाची असंन."

"आणि गवत कशाला केलंत?"

"म्हटलं, साहेब जास्त येडा दिसंन."

"साहेब वेडा नाही भाऊजी. त्यानं खाली उतरून पाहिलंच नाही, एवढंच. गवताने सगळंच वाया जातं."

मी पोळी उलटली आणि ह्यांना हाक मारली. म्हटलं, हा घ्या वाचक, घाटंजीचा. त्याने पुढे धाडली, म्हणजे वाचली असणारच.

ह्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. "त्या दोस्ताले कोणी धाडली?"

दिरांना माहीत नव्हतं.

"मंग त्यानं ब्लॉगवर वाचली कशावरून? हा माहा भाऊ, म्हणजे नात्यातला. अन् आखरावरचे ऐकणारे झाले, वाचणारे नाही."

एवढा गाव हसला आणि त्यातलं एक माणूसही नियमात बसत नव्हतं. मला रडूच फुटलं. पुरणावर वाफ होती म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पण दीर म्हणाले, "दादा, नेट राहू दे."

"काहून?"

"घरात असावं जी."

मग हे बाहेर गेल्यावर हळूच मला म्हणाले, "वहिनी, पुढच्या पोळ्याले एक करून द्याल? पण आपल्यातच राहू द्या."

"देईन. पण माझी म्हणून सांगायची."

"वहिनीची झडती म्हटलं तं लोकं हसतीन."

"हसावं म्हणूनच लिहिते भाऊजी."

नेट राहिलं. वर्षभर मी लिहीत होते, बहीण तपासत होती, तेलवाल्यांना सगळं माहितीपूर्ण वाटत होतं. पोळ्याच्या आधी मी एक झडती कागदावर लिहून बोरी अरबला पाठवली आणि कडक ताकीद दिली की एक अक्षर बदलायचं नाही.

त्या पोळ्याला दीर तोरणाखाली आले. नुसते उभे राहिले. कोणीतरी ओरडलं, "म्हण नं बाप्पा." त्यांनी ओट्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे झडती घरची हाय."

आणि मग म्हटली, अक्षरही न बदलता.

'घरची.' एवढंच. वर्षभर मी मनातल्या मनात माझं नाव त्या तोरणाखाली ऐकत होते, आणि मिळालं ते हे. मला भयंकर राग आला, आणि डोळे भरूनही आले. सासूबाई पदर धरून बसल्या होत्या, तरी मी उठले आणि ओट्यावर सरळ उभी राहिले, ज्याला पाहायचं त्याने पाहावं म्हणून. कोणी पाहिलं नाही. सगळे हसत होते.