गारठ्याची मिजास

आमचे हे लग्नाचं बोलायला आमच्या घरी आले, तेव्हा चहा यायच्या आधीच माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमचा फ्रीज कण्हतोय हो." आणि उठून, बाह्या वर करून, फ्रीज भिंतीपासून ओढून त्याच्या मागची जाळी साफ करायला बसले. वडील तिथल्या तिथे विरघळले. मी नाही विरघळले. मला वाटलं, हा माणूस मला बघायला आलाय की फ्रीजला? आज इतक्या वर्षांनीही त्याचं नक्की उत्तर मला देता येणार नाही.

थंडी हा ह्यांचा धंदा आणि थंडी हीच ह्यांची मिजास. गल्लीत ह्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, 'फ्रीजवाले' म्हणतात. गंमत अशी की हा माणूस वाढला तो वाफेत. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीने, म्हणजे माझ्या नणंदबाईंनी, शाळा सोडली आणि धुलाईचं दुकान टाकलं. कपड्यांच्या ढिगावर ह्यांना झोपवायचं, इस्त्रीच्या टेबलावर ह्यांचा अभ्यास घ्यायचा, आणि कुणी म्हणालं की 'पोराला कामाला लाव', तर त्याच्या अंगावर धावून जायचं. ह्यांचं शिक्षण होईपर्यंत ताईंचं लग्नाचं वय निघून गेलं. त्याबद्दल त्या कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. मीच बोलते, कारण माझ्या तोंडाला कुलूप नाही.

ताईंची धुलाई आमच्या घरामागच्याच रस्त्यावर. मोठी दगडी टाकी, दोन जुनी मशीनं, मागे वाळत घालायचं अंगण. हॉस्पिटलच्या चादरी त्यांच्याकडे यायच्या. हॉस्पिटलचं काम म्हणजे चादर उकळत्या पाण्यातून काढायची, परत परत खळबळायची, डाग राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. पाण्यात हात आखडायचा नाही, हा त्यांचा नियम. "आजारी माणूस त्यावर निजतो बाई," एवढंच म्हणायच्या.

हे आधी एका कोल्ड स्टोरेजमध्ये होते. तिथे एकदा गोदाम जरासं कोमट राहिलं आणि मटाराची पोती नासली. मालकाने सगळ्या कामगारांसमोर ह्यांना असं काही झाडलं की ते शब्द मी इथे सांगणार नाही. त्या दिवसापासून ह्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, थंडी कमी पडली तर इज्जत जाते, जास्त झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. आणि हेच डोकं घेऊन हे डेटा सेंटरमध्ये नोकरीला लागले.

डेटा सेंटर म्हणजे काय, हे मलाही आधी कळलं नव्हतं. मोठ्या रस्त्याच्या टोकाला एक बिनखिडक्यांची इमारत. आत कपाटांच्या रांगा, कपाटांत यंत्रं. आपण फोनवर जे जे टाकतो, लेकरांचे फोटो, नाचगाण्याचे व्हिडिओ, बँकेचे व्यवहार, सकाळी उठून शंभरजणांना पाठवलेलं फुलांचं चित्र, ते सगळं तिथे जाऊन बसतं. ही यंत्रं सतत तापतात. त्यांना गार ठेवायला गच्चीवर कूलिंग टॉवर आहेत. त्यांतून पाणी खाली पडतं, उष्णता अंगावर घेतं, आणि त्यातलं बरंचसं वाफ होऊन आभाळात जातं. जितका गारठा हवा तितकी वीज जास्त, तितकं पाणी जास्त. हे आता मला पाठ आहे. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की नवऱ्याला चांगली नोकरी लागली.

आणि काय तो ह्यांचा तोरा! कुणी साहेब यंत्रांचा हॉल बघायला आले की दारातच त्यांना जाड कोट द्यायचे. साहेबांचे दात वाजायला लागले की ह्यांची छाती फुगायची. घरी येऊन मला सांगायचे, "आज एकजण तर पाच मिनिटांत बाहेर पळाला!" जसं काही कुस्ती मारून आलेत. मीही कौतुकाने ऐकायचे. खोटं कशाला सांगू.

मग उन्हाळे बिघडत गेले. म्हणजे ऊन पूर्वीही होतंच, पण आता ते जायचं नावच घेईना. संध्याकाळी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. धरण आटलं. नळाची धार करंगळीएवढी झाली, मग तीही सकाळी जराशी यायची आणि सूं सूं करत निघून जायची. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर बादल्यांची रांग लागायला लागली. तिथे एक दिवस गल्लीतल्या शिंपीकाकांनी विषय काढला. म्हणाले, "आपली आणि त्या बिनखिडक्यांच्या इमारतीची पाइपलाइन एकच आहे. त्यांचा करार आहे, त्यांना पाणी आधी मिळतं. आपल्याला उरलेलं."

मी पदर खोचून पुढे झाले. "काका, तुमच्या फोनमध्ये नातवाचे ढीगभर व्हिडिओ आहेत ना? ते कुठे ठेवतात, तुमच्या शिलाई मशीनच्या खणात?" लोक हसले. काकांनी खाली बघत आपली बादली पुढे सरकवली. मी बादली कमरेवर घेऊन राणीसारखी घरी आले. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

गल्लीने ठरवलं, सगळ्यांनी मिळून पालिकेत जायचं आणि सांगायचं की त्या इमारतीचं पाणी तपासा. ताईंना बोलवायला सगळे आले, कारण पाण्यावाचून सगळ्यात जास्त मरण त्यांचं होत होतं. टाकी अर्धीही भरत नव्हती. हॉस्पिटलवाले रोज टोमणे मारत होते. पण ताई गेल्या नाहीत. उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "तिथे माझा भाऊ आहे. यंत्रांना जितकं लागतं तितकंच पाणी तो घेत असणार. फुकट एक थेंब घालवणारं पोर नाही ते, मी वाढवलंय त्याला. शपथेवर सांगते." त्यांच्या शब्दाला गल्लीत मान आहे. निम्मे लोक तिथूनच परत फिरले आणि पालिकेत जाणं बारगळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक टेम्पो आला आणि हॉस्पिटलच्या चादरी उचलून दुसऱ्या धुलाईकडे घेऊन गेला. ताईंनी स्वतः गाठोडी बांधून दिली. धुतलेली आणि न धुतलेली वेगळी, नीट.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात ह्यांच्याकडे हेड ऑफिसची इंजिनिअर आली. आमच्या भाचीच्या वयाची मुलगी. हे नेहमीप्रमाणे कोट घेऊन दारात उभे. तिने कोट घातला, हॉलमध्ये फिरली, आणि कुडकुडत विचारलं, "काका, इथे इतकं थंड का ठेवलंय?"

ह्यांना वाटलं, कौतुक चाललंय. म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे तक्रारीला जागाच नाही."

"पण यंत्रांना एवढं लागत नाही हो. आपण घरात पंखा लावून बसतो ना, तेवढ्या हवेत ती मजेत चालतात. कित्येक ठिकाणी तशीच चालवतात. हिवाळ्यात तर बाहेरचीच हवा आत घ्यायची. टॉवरलासुद्धा पिण्याचं पाणी कशाला? सांडपाणी शुद्ध करून चालतं. उन्हाळे असे वाढत चाललेत, त्यात आपणच भर घालायची का?" मग तिने विचारलं, "इतकं थंड ठेवा असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

हे म्हणाले, "मीच ठेवलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली आणि म्हणाली, "कंपनीनेही कधी विचारलं नाही म्हणा. पाणी मिळत होतं, चाललं होतं." मग तिने तापमानाचा आकडा बदलून घेतला. संध्याकाळपर्यंत हॉल कोमट झाला आणि एकही यंत्र कुरकुरलं नाही. गच्चीवर टॉवरमधून उठणारी वाफ निम्म्याहून कमी झाली. हे तिथे उभे राहून बघत होते म्हणे. ह्यांची सगळी विद्या म्हणजे तो गारठा, आणि तो नसतानाही सगळं सुरळीत चाललेलं.

घरी आले ते चपला न काढताच पलंगावर बसले. मी म्हटलं, "काय झालं? नोकरी गेली का?" म्हणाले, "नाही. नोकरी आहे." आणि मग सगळं सांगितलं. मला आधी राग आला. "अहो, इतक्या वर्षांत एकदाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही? मटार होते का ते?" मी ओरडले. मग शिंपीकाकांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"सगळं पाणी काही मी घालवलं नाही," हे म्हणाले. "धरणच आटलंय. पण जे होतं त्यातलं मी उगाच उडवलं. हौसेखातर. आणि ताईची टाकी रिकामी." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बघवलं नाही, मी उठून उगाच भांडी लावत बसले.

ताईंना सांगायला आम्ही दोघं गेलो. त्या रिकाम्या टाकीच्या कठड्यावर बसून इस्त्रीचे कपडे मोजत होत्या. आता तेवढंच काम उरलं होतं. ह्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, काही लपवलं नाही. ताई ऐकत राहिल्या. हातातला शर्ट त्यांनी घडी केला, मोडला, पुन्हा घडी केला. मला वाटलं, आता मुस्कटात देतील. द्यायलाच हवी होती.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"ताई, अगं मी काय सांगतोय..."

"कळलं मला. बहिरी नाही मी." मग म्हणाल्या, "गल्लीत बोलू नकोस. मी लोकांना शपथेवर सांगितलंय. तुझं नाव खराब झालेलं मला चालायचं नाही." आणि शर्ट उचलून आत गेल्या. दिवा लावला नाही.

ह्यांनी आयुष्यात ताईंचा शब्द मोडला नव्हता. सकाळी मी बादली घेऊन निघाले तर हे माझ्या आधी नळावर हजर. रांग लागली होती. शिंपीकाका होते, दूधवाल्या काकू होत्या, मागे ताईही कळशी घेऊन उभ्या होत्या. धार आदल्या दिवसापेक्षा बरी होती. काकू म्हणत होत्या, "आज काय चमत्कार झाला बाई!"

"चमत्कार नाही, काकू," हे म्हणाले. आवाज फाटलेला, पण मोठा. "काल आम्ही हॉलमधली थंडी कमी केली. यंत्रांना तितकी लागतच नव्हती. इतके दिवस मीच जास्त ठेवत होतो. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच. तुमचं पाणी मी उडवलं. माझं चुकलं."

नळ वाहत होता आणि भरलेली बादली कुणी बाजूला घेत नव्हतं. मग शिंपीकाका ह्यांच्याकडे नाही, ताईंकडे वळले. "तुम्ही तर शपथेवर सांगितलं होतंत," ते म्हणाले. "तुमच्या शब्दावर आम्ही माघारी फिरलो. ह्याने तुम्हालाही फसवलं म्हणायचं."

ताईंनी कळशी खाली ठेवली. सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. ज्या बाईच्या हातची चादर लोक उघडून न बघता घ्यायचे, ती बाई.

"मला कुणी फसवलं नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. पहिल्यापासून. बोलायचं तर दोघांनाही बोला."

साफ खोटं. त्यांना कळून एक रात्र झाली होती, हे मला माहीत, ह्यांना माहीत. मी तोंड उघडणार होते, पण ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटून घेतलं. दूधवाल्या काकूंनी मान फिरवली. शिंपीकाका नुसतं "बरं" म्हणाले आणि आपली बादली उचलून चालायला लागले. हे ताईंकडे बघत राहिले, आणि मग भर रस्त्यात, नळाच्या ओल्यात, मटकन खाली बसले.