चिंधी हलतेय ना?

दोन नळ्या आणि एक खिडकी, एवढाच काय तो प्रश्न होता. पण त्या मे महिन्यात त्याने माझी झोप, भूक आणि कचेरीतली वागणूक, सगळ्यांची वाट लावली.

घर भाड्याचं, रत्नागिरीत, वरच्या मजल्यावर. घरमालक कुवेतला. माणूस सज्जन, पण भिंतींच्या बाबतीत फार हळवा. एसी बसवू का म्हणून विचारलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा आवाज आला, "बेटी, काय पन करा, फक्त भिंतीला भोक नको. भोक पडला का पावसात पानी आत येतो." उमेदीची सगळी वर्षं वाळवंटात घालवून बांधलेलं घर होतं ते. मी वाद घातला नाही.

म्हणून मग चाकांवर फिरणारा एसी आणला. त्याच्या पाठीला दोन नळ्या, माझ्या मांडीएवढ्या जाड. एकीने बाहेरची हवा ओढून घ्यायची, यंत्राची सगळी गरमी तिच्या डोक्यावर लादायची आणि दुसरीने ती बाहेर हाकलून द्यायची. दोन्हींची तोंडं खिडकीबाहेर निघायला हवीत. दुकानदार म्हणाला, अगदी सोपं आहे. लोकांना दुसऱ्याच्या घरातलं सगळंच सोपं वाटतं.

हे सगळं बाबांसाठी चाललं होतं. आदल्या उन्हाळ्यात ते भर दुपारी स्वयंपाकघरात कोसळले. मी कचेरीत होते. शेजारच्या काकींनी पाणी मारून उठवलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं मीठपाणी गेलंय, या वयात उकाडा अंगावर काढायचा नाही. भाऊ पुण्याहून धावत आला, चार दिवस राहिला आणि जाताना चपला घालता घालता म्हणाला, "पुन्हा असं काही झालं ना, तर मी बाबांना घेऊन जाणार. मग तुझं काही ऐकणार नाही."

भाऊ वाईट नाही. त्याचं घर मोठं आहे, वहिनी प्रेमळ आहे. पण बाबांना पुणं नको होतं. एकदा तिकडे गेले, तर जेवढे दिवस राहिले तेवढे दिवस बाल्कनीत उभे राहून "वारा पडलाय" एवढंच म्हणत होते. आणि माझं सरळच सांगते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबा गेले असते तर मी कुणावर ओरडले असते?

तर खिडकी. यंत्राबरोबर एक प्लास्टिकची पट्टी आली होती, ती कुठल्या देशातल्या खिडकीसाठी होती देव जाणे. आमची खिडकी सरकती, पश्चिमेची, बाहेरून लोखंडी ग्रिल. शेवटी सुताराकडून प्लायवूडची फळी करून घेतली. भोकं कुठे पाडू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, शेजारी शेजारी, एका उंचीवर, म्हणजे बरी दिसतील. त्याने पाडली. रस्त्यावरून पाहिलं तर आमची खिडकी डोळे वटारून बघत होती.

सकाळी खोली छान गार व्हायची. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला, की यंत्र कण्हायला लागायचं, तापायचं आणि ठप्प. रोज तेच. मी दुकानदाराला फोन करकरून हैराण केलं. नळ्या काढल्या, घातल्या, चिकटपट्ट्या लावल्या, बोटं कापून घेतली. बाबा दारात खुर्ची टाकून बघत बसले होते.

"आपलंच उष्टं खातंय ते," ते म्हणाले.

"काय?"

"एका तोंडानं टाकतंय आणि वारा तेच दुसऱ्या तोंडात घालतोय. उष्टी हवा ती. मग तापेल नायतर काय?"

'उष्टी हवा' हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. बाबांची सगळी नोकरी घाटाच्या पायथ्याशी, डोंगराच्या पोटातल्या वीजघरात झाली. आमच्या कॉलनीत कुणाचा नवरा "कामावर गेलाय" असं कधी म्हणत नसत. "खाली गेलेत" म्हणत. खाली ऊन नाही, पाऊस नाही. हवासुद्धा मोठ्या पंख्यांनी बोगद्यातून ढकलावी लागे. वापरून गरम झालेली, बाहेर काढायची ती उष्टी हवा. आणि ताजी हवा ज्या जाळीतून येई, त्या जाळीला कुणीतरी कापडाची एक चिंधी बांधून ठेवली होती. चिंधी हलतेय तोवर वरची हवा खाली पोचतेय. घड्याळं, काटे, दिवे सगळं समोर असायचं, पण येता-जाता माणसं बघत चिंधीकडे. पुढे तो रामरामच झाला. पाळी बदलताना, बाजारात, लग्नाच्या मांडवातसुद्धा एकमेकांना विचारत, "काय, चिंधी हलतेय ना?" हलतेय म्हटलं की समजायचं, सगळं ठीक आहे.

दुसरी फळी केली. ओढणारी नळी खाली कोपऱ्यात, फेकणारी वर दुसऱ्या टोकाला. वरच्या नळीला पत्र्याचा वाकडा तुकडा लावून तोंड दक्षिणेला वळवायचं, ही बाबांची अक्कल. "तिकडनं वारा येतच नाय," असं छातीठोक सांगितलं त्यांनी. वारा येत नव्हता, पण तिकडे काकींची बाल्कनी होती. सगळी गरम हवा त्यांच्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी काकी पदर खोचून भांडायला आल्या आणि भांडता भांडता त्यांच्या लक्षात आलं, की पसरलेली आमसुलं यंदा झटपट वाळतायत. मग चहा घेऊन गेल्या.

यंत्र चाललं. खोली गार राहू लागली. आणि बाबा खोलीचं दार उघडं टाकू लागले.

"बाबा, दार लावून बसा."

"लावतो गो."

संध्याकाळी येऊन बघते तर दार सताड उघडं, गारवा जिन्यापर्यंत पोचलेला आणि बाबा घामाने निथळत येरझाऱ्या घालतायत. पलंगावर बसायचे, उठायचे, दारापर्यंत यायचे, खिडकीच्या फळीला हात लावून बघायचे, परत बसायचे. त्यांना बघून मलाही बसवेना. आम्ही दोघं त्या एवढ्याशा घरात पिंजऱ्यातल्या जनावरांसारखी फिरत होतो.

मी समजावून सांगायला गेले. यंत्राची चित्रं दाखवली. नळीतली हवा खोलीत येतच नाही, यंत्राच्या यंत्रात फिरून तशीच बाहेर जाते, खोलीतली हवा खोलीतच राहते, म्हणून तर गारवा टिकतो. मला वाटलं, हे ऐकून त्यांचं समाधान होईल.

बाबा घाबरले. "म्हंजे एवढ्या दोन नळ्या, आणि त्यातलं आपल्याला कायच नाय?"

"दाराखाली फट आहे ना, बाबा! श्वास घ्यायला तेवढी पुष्कळ झाली."

"दिसत नाय ती," ते म्हणाले. "हवा येते कुठनं ते दिसाय नको?"

मग माझा तोल गेला. "तुम्हाला वारा हवाय की पुणं हवंय, ते एकदा ठरवा!"

त्यांनी स्वतः उठून दार लावलं, पलंगाच्या कडेवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. खोली गार होती आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी आदळली.

बाबा बंद दाराआड का बसत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी लहान असताना एका पावसाळ्यात डोंगरावर वीज कोसळली आणि खालचे पंखे थांबले. बाबा खाली होते. पाणी वाढलं होतं, वाट बंद झाली होती, कॉलनीतल्या बायका कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या. आईने सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब घेतला नव्हता. समोरच्या साहेबांच्या घरी फोन होता. दुपारी तो एकदाचा खाली लागला आणि बाबाच बोलायला आले. मी आईच्या लुगड्याला धरून उभी होते. आई फोनमध्ये एवढंच म्हणाली, "चिंधी हलतेय ना?" पलीकडून काहीतरी आलं. आई आमच्याकडे वळून म्हणाली, "हलतेय म्हणतात." मग घरी आली, चूल पेटवली, भाकरी थापली, आम्हाला वाढलं आणि स्वतःही जेवली. बाबा रात्री उशिरा वर आले. काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त त्यानंतर आमच्या घरात कुठलंही दार आतून लागलं नाही. भावाच्या लग्नात घरभर पाहुणे होते तरी नाही.

भांडी आदळून झाल्यावर मी आईचं एक जुनं सुती लुगडं काढलं. काठाजवळून बोटभर पट्टी फाडली. खोलीत गेले आणि यंत्राच्या ज्या तोंडातून गार झोत येतो, त्याच्या जाळीला ती बांधली. चिंधी उडायला लागली. खरं सांगायचं तर त्यातून एवढंच कळत होतं, की यंत्राचा पंखा चालू आहे. बाबांनाही ते कळत असणार. ते बराच वेळ बघत राहिले. मग पाय वर घेतले, भिंतीला पाठ टेकली आणि थोड्या वेळाने बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला. दार लावलेलं होतं.

त्यांची तगमग गेली ती बहुतेक माझ्यात शिरली. मी कचेरीतून रोज फोन करू लागले. फाईल हातात, समोर माणूस उभा, आणि मी फोनवर विचारतेय, "चिंधी हलतेय ना?" ते म्हणायचे, "हलतेय." एवढंच संभाषण. टेबलावरचे सगळे हसायचे. शिपाई तर मला येता-जाता विचारायला लागला, "काय मॅडम, हलते ना?" हसू देत. मला तो एक शब्द कानावर पडल्याशिवाय डबा उघडवत नव्हता.

मे संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. उकाडा असा की खुर्चीला पाठ टेकली तर कुर्ता चिकटावा. नेहमीप्रमाणे फोन केला.

"बाबा, चिंधी हलतेय ना?"

"हलतेय."

मी डबा उघडला. पहिला घास घेतला, तेवढ्यात आमच्याच बाजूला राहणारी एक सहकारीण रुमालाने वारा घेत म्हणाली, "बरंय गो हितं, इन्व्हर्टर तरी हाय. आमच्या अख्ख्या आळीत सकाळपासून लाईट नाय. तार तुटलीय म्हणे."

घास तसाच राहिला. आळीत लाईट नाही म्हणजे आमच्याकडे नाही. यंत्र बंद. खिडकीत फळी ठोकलेली. एका वाऱ्याची वाट अडवून दुसऱ्याची सोय केली होती मी, आणि ती सोय बंद पडली होती. आणि आत बसलेला माणूस मला म्हणतोय, हलतेय.

स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. एवढं आठवतं की सगळ्या रस्ताभर मी बाबांशी मोठमोठ्याने भांडत होते. कशाला खोटं बोललात, मी तुमची कोण, काय म्हणून मला फसवता. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे टकमक बघत होता. आणि मधूनच वाटत होतं, आता भावाला फोन करावा लागणार. सामान भरावं लागणार. त्यांची वहाणांची जोडी दाराशी दिसणार नाही.

जिना चढले. घराचं दार उघडं. खोलीचं दार उघडं. प्लायवूडची फळी भिंतीला टेकवून ठेवलेली, तिचे स्क्रू एका वाटीत नीट गोळा केलेले. दोन्ही नळ्या जमिनीवर आडव्या. खिडकी पूर्ण उघडी आणि तिच्यातून खारा वारा असा भरून येत होता, की कॅलेंडर भिंतीवर आपटत होतं. खिडकीजवळ खुर्ची घेऊन बाबा बसले होते. अंगातला शर्ट घामाने भिजलेला, स्क्रू काढून काढून उजव्या तळव्याला फोड आलेला, मांडीवर मीठ-साखरेच्या पाण्याचा अर्धा पेला. आणि ग्रिलच्या गजाला आईच्या लुगड्याची चिंधी बांधलेली. ती नुसती हलत नव्हती, फडफडत होती.

"हलतेय की," ते माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

मी त्या नळ्यांच्या मधोमध बसले आणि रडले. बाबांना काय करावं सुचेना. त्यांनी उरलेलं अर्धं पाणी मला दिलं.

तेवढ्यात भावाचा फोन. त्याला कुणाकडून तरी कळलं होतं, तिकडे लाईट गेलीय म्हणून. "बाबा कसे आहेत? खरं सांग."

मी गजाकडे पाहिलं. "चिंधी हलतेय," मी म्हटलं.

तोही त्याच कॉलनीत वाढलाय. "बरं. ठेवतो," म्हणाला. पुण्याचं नाव त्याने काढलं नाही.

मी फोन खाली ठेवला. बाबा बाहेर बघत होते. इतकी वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते त्या वाऱ्यात सहज तोंडातून गेलं.

"बाबा, आणि त्या दिवशी? खाली? आईला हलतेय म्हणालात, तेव्हा हलत होती?"

माझ्याकडे वळून उलट त्यांनीच विचारलं, "तुझी आय जेवली का गो त्या दिवशी?"

"जेवली."

"मग झालं तर," बाबा म्हणाले, आणि चिंधीची गाठ सैल झाली होती ती उठून घट्ट करू लागले.